सही दोघांची, बंधन एकाचं

२०२५ च्या उन्हाळ्यात मामा माझ्याकडे डॅलसला आला होता. त्या ऑगस्टमध्ये या शहरात एकच विषय होता: डॅलस काउबॉइज संघाचा बचावपटू मायका पार्सन्स आणि संघाचे मालक जेरी जोन्स यांचं नव्या करारावरून जमणार की फाटणार. मामाला अमेरिकन फुटबॉलचे नियम माहीत नाहीत, पण मालक आणि कामगार हा विषय त्याला कुणी शिकवायला नको. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, परळच्या गिरणीत होते आणि १९८२ च्या संपात घर कसं चाललं ते मामाने मोठ्या मुलाच्या नात्याने सोसलं आहे. पुढे त्याने भोसरीत स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि दर महिन्याच्या सात तारखेला पगार वाटणारा माणूस झाला. मी इथे एका कंपनीत करार वाचण्याचं काम करते. त्यामुळे बातम्या लागल्या की आमचा वाद सुरू व्हायचा. त्यातलं जे मुद्द्याचं, ते इथे देते.

मामा : हा मुलगा मैदानावर येतो, कडेला उभा राहतो, पण सराव करत नाही. पाठ दुखते म्हणतो. चार वर्षांचा करार, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे, हे वाचूनच त्याने सही केली ना? त्या पाचव्या वर्षाचे दोन कोटी चाळीस लाख डॉलर मिळणार आहेत. मग ही अडवणूक कशाला?

मी : वाचून केली, पण घासाघीस करायला जागा कुठे होती? २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, डॅलसने त्याला बाराव्या क्रमांकावर उचललं. त्या क्षणापासून दुसऱ्या कुठल्याही संघाशी बोलायची सोय नाही. बारावा क्रमांक म्हटला की पगारही जवळपास ठरलेला. तीन हंगाम पुरे होईपर्यंत करार बदलण्याचा विषय काढायलाही नियमाने बंदी. आणि या मुलाने चारही वर्षं बारा किंवा जास्त वेळा समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवलंय. लीगमध्ये असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

मामा : पहिल्या नोकरीत भाव कुणाला करता येतो? माझ्याकडे आयटीआयमधून पोरं यायची. पहिली तीन वर्षं मीही ठरलेलाच पगार द्यायचो. चांगलं काम केलं म्हणून चौथ्या दिवशी कुणी मशीन बंद करून उभं राहिलं नाही.

मी : ते तुझ्याकडून उठून शेजारच्या शेडमध्ये जाऊ शकत होते.

मामा : गेलेही. चांगले चांगले गेले.

मी : मग तोच फरक आहे, मामा. इथे बत्तीस मालक आहेत आणि बत्तिसांचा मिळून एकच नियम आहे.

मामा यावर थोडा थांबला, पण हटला नाही. शब्द दिला की पाळायचा, ही त्याची धारणा लहान कारखानदाराची आहे आणि मला ती मनापासून पटते. बँकेचा हप्ता, पोलाद पुरवणाऱ्याचं बिल, कामगाराचा पगार, यातलं काहीही त्याने कधी लांबवलं नाही. पण याच धारणेने त्याला या व्यवहारातली मोठी गोष्ट दिसू दिली नव्हती. बहुतेक प्रेक्षकांनाही ती दिसत नाही.

मी : तू म्हणतोस सही पाळा. संघाने पाळायची की नाही?

मामा : अर्थात. दोघांनी.

मी : नाही पाळत. पाळायचं बंधनच नाही. बातमीत येतं ना, अमक्याशी पाच वर्षांचा दहा कोटींचा करार? त्यातली जेवढी रक्कम हमीची, तेवढीच खरी. दोन वर्षांनी प्रशिक्षकाला वाटलं की हा मंदावला, तर एका कागदावर त्याला मोकळं करतात आणि उरलेल्या वर्षांचा बिनहमीचा पगार तिथेच संपतो. खेळाडूला मात्र मधेच उठून जाता येत नाही. शिबिराला आला नाही तर दिवसाला चाळीस-पन्नास हजार डॉलर दंड. लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारापासून अनुभवी खेळाडूंचा तो दंड मालकाने दया दाखवून माफ करायचा म्हटला, तरी बहुतेकदा करता येत नाही.

मामा : बेसबॉलवाल्यांचंही असंच?

मी : नाही. बेसबॉलमध्ये आणि बास्केटबॉलमध्ये करार बहुतेक पूर्ण हमीचे असतात. ज्या खेळात दर रविवारी माणसं एकमेकांवर आदळतात, गुडघे जातात, डोक्याला मार बसतो, नेमकी तिथेच हमी सगळ्यात कमी. युनियनच्या हिशेबाने इथली सरासरी कारकीर्द तीन वर्षांच्या थोडी पुढे जाते. लीग म्हणते हा आकडा फसवा आहे, पहिल्याच वर्षी गळणाऱ्यांमुळे तो खाली येतो. तसंही असेल. पण गळणाऱ्यालाही गुडघा असतोच की.

मामा : हे मला माहीत नव्हतं.

त्याने हे सरळ कबूल केलं, म्हणून मीही सरळच बोलले. पार्सन्स आडमुठेपणा करत नव्हता. ज्या एकाच मोसमात त्याच्या हातात काहीतरी होतं, त्या मोसमात तो ते वापरत होता. मग मी मामाला २०१८ सालच्या दोघांची गोष्ट सांगितली. हा विषय समजून घ्यायला त्या दोघांइतकी चांगली वाट मला माहीत नाही.

पिट्सबर्ग स्टीलर्सचा ल'व्हिऑन बेल रनिंग बॅक होता, म्हणजे चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसणारा. २०१७ मध्ये पळताना आणि झेलताना मिळून त्याने ४०६ वेळा चेंडू घेतला, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कुणीतरी त्याला जमिनीवर आपटलं. करार संपला होता, पण संघाने सलग दुसऱ्या वर्षी त्याच्यावर ‘फ्रँचायझी टॅग’ लावला. टॅग म्हणजे करार संपला तरी एका वर्षासाठी खेळाडूला अडकवून ठेवण्याचा मालकाचा हक्क. पगार चांगला, बेलच्या बाबतीत एक कोटी पंचेचाळीस लाख डॉलर, पण फक्त एका वर्षाचा. बेलने सही केली नाही. तो अख्खा हंगाम घरी बसला. त्याच वर्षी सिअ‍ॅटलचा बचावपटू अर्ल थॉमस शिबिराला गेला नाही. पुढची काही वर्षं तरी पक्की करा, नाहीतर दुसऱ्या संघाकडे द्या, असं त्याचं मागणं होतं. संघ हलला नाही. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर थॉमस परत आला, खेळला, उत्तम खेळला आणि चौथ्याच सामन्यात, ३० सप्टेंबरला अ‍ॅरिझोनात, त्याचा पाय मोडला. गाडीवरून बाहेर नेताना त्याने स्वतःच्याच संघाच्या बाकाकडे बघून मधलं बोट दाखवलं. ते दृश्य देशभर दिसलं आणि कितीतरी खेळाडूंनी त्याची बाजू घेतली.

मामा : पुढे काय झालं दोघांचं?

मी : बेलला न्यूयॉर्क जेट्सने चार वर्षांचे सव्वापाच कोटी देऊ केले. थॉमसला बाल्टिमोरने साडेपाच कोटी.

मामा : म्हणजे मिळालेच की पैसे!

मी : बातमीत मिळाले. जेट्सने बेलला दुसऱ्याच हंगामात काढलं.

मामा : तरी माझा मुद्दा राहतोच. बेलचे ते एक कोटी पंचेचाळीस लाख गेले ते गेले. घरी बसलेल्या दिवसाचा पगार पुढे कुणी भरून देत नाही. माझ्या बापाचाही दिला नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बेल बरोबर होता असं मी मानते आणि त्याचं नुकसान झालं हेही खरं आहे.

मामाचा सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाच्या वाटपाचा होता. सॅलरी कॅप म्हणजे काय हे मी त्याला सांगितलं: खेळाडूंवर एका वर्षात खर्च करायची, बत्तीसही संघांना सारखी असलेली मर्यादा. १९९४ मध्ये ती आली तेव्हा तीन कोटी सेहेचाळीस लाख डॉलर होती. २०२५ मध्ये सत्तावीस कोटी ब्याण्णव लाख.

मामा : मग तुझा पार्सन्स मालकाच्या खिशातून कुठे मागतोय? तो शेजारच्या खुंटीवरच्या माणसाच्या ताटातून मागतोय. डबा तेवढाच, एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याला कमी. यात मालक कुठे आला? मालक तर डब्याची किंमत देऊन बाजूला झाला.

मी : अर्धं खरं आहे. डॅलसने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सहा कोटी दिले, शिबिराला न आलेल्या सीडी लॅमला चार वर्षांचे तेरा कोटी साठ लाख दिले. ते आकडे पार्सन्सच्या वाटेत उभे होतेच. पण डबा केवढा असावा हे कोण ठरवतं? त्यावरच तर चाळीस वर्षं भांडण चाललंय.

मामा : हिशेबाची वही दाखवतात का मालक?

मी : एकतिसांची बंद. एक उघडी.

ती उघडी वही ग्रीन बे पॅकर्सची. विस्कॉन्सिनमधल्या या छोट्या गावाच्या संघाला एक मालकच नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, आणि म्हणून दर वर्षी ताळेबंद जाहीर होतो. २०२३ च्या हंगामाचा आकडा मी मामाला दाखवला. टीव्हीचे हक्क आणि इतर सामायिक उत्पन्न यातून प्रत्येक संघाच्या वाट्याला येतात तसे पॅकर्सच्या वाट्याला चाळीस कोटींहून जास्त डॉलर आले. त्या वर्षीची कॅप बावीस कोटी अठ्ठेचाळीस लाख होती. म्हणजे एकही तिकीट, एकही जर्सी विकली जाण्याआधी खेळाडूंचा सगळा पगार वसूल, वर सतरा कोटींहून जास्त शिल्लक.

मामाने चष्मा लावून तो आकडा पुन्हा वाचला. निवृत्तिवेतन, विमा, प्रशिक्षक, स्टेडियम हे खर्च वेगळे असतील, असं त्याने लगेच सांगितलं, आणि ते असतातच. पण मग बराच वेळ तो बोलला नाही. भोसरीत त्याला पगार आधी द्यावा लागे आणि मालाचे पैसे नव्वद दिवसांनी येत.

मामा : इतकं आहे तर मग हे लोक एकजुटीने उभे का राहत नाहीत?

मी : राहिले होते. १९८२ मध्येच.

मामा : कधी?

मी : २१ सप्टेंबरला. तुमच्या संपाला तेव्हा आठ महिने झाले होते.

मामा : आणि?

मी : एकूण उत्पन्नातला पंचावन्न टक्के वाटा मागितला होता. सत्तावन्न दिवस टिकले. तो वाटा मिळाला नाही. १९८७ मध्ये पुन्हा उतरले. या वेळी मागणी होती करार संपल्यावर हव्या त्या संघात जाण्याची. मालकांनी एका आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढचे तीन आठवडे बदली खेळाडू उतरवून सामने घेतले. टीव्हीने ते दाखवले.

मामा : आणि आतले फुटले.

मी : फुटले. जो मोंटानासारखा तारा आत गेला. इथे डॅलसमध्ये टोनी डॉर्सेट आणि रँडी व्हाइट आत गेले. चोवीस दिवसांत संप मोडला, कुठल्याही कराराशिवाय सगळे कामावर हजर.

मामा : फुटणाऱ्याला शिव्या देऊ नकोस. आमच्या चाळीतही शेवटी काही जण गेले. घरात पोरं असली की माणूस जातो. १८ जानेवारीला अडीच लाख लोक बाहेर पडले होते. दत्ता सामंतांवर माझ्या बापाचा देवासारखा विश्वास. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच नाही कुणी, आणि गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले. म्हणून सांगतो, मालक थांबू शकतो. कामगार थांबू शकत नाही. हे तुझे करोडपती असले तरी.

मी : सगळे करोडपती नाहीत, मामा. निम्म्याहून जास्त जण दोन-तीन वर्षांत घरी जातात. आणि यांना जे मिळालं, ते संपाने मिळालंच नाही. कोर्टातून मिळालं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सहसा ती सांगितली जात नाही. संप हरल्यावर युनियनने १९८९ मध्ये एक वेगळीच चाल केली: आपण युनियन नाही असं जाहीर करून टाकलं. जोवर युनियन सामूहिक वाटाघाट करते, तोवर मालकांच्या आपसांतल्या अटींना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळतं. युनियन नाहीशी झाली आणि ते कवच गेलं. रनिंग बॅक फ्रीमन मॅकनीलच्या नावाने खटला उभा राहिला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने ठरवलं की खेळाडूंना बांधून ठेवणारे तेव्हाचे नियम बेकायदेशीर आहेत. पुढच्याच वर्षी तडजोड झाली. खेळाडूंना मुक्तपणे संघ बदलण्याचा हक्क मिळाला. बदल्यात मालकांना सॅलरी कॅप आणि टॅग मिळाला. बचावपटू रेजी व्हाइट त्याच वर्षी फिलाडेल्फिया सोडून पॅकर्सकडे गेला, चार वर्षांचे एक कोटी सत्तर लाख घेऊन. तेव्हा तो आकडा ऐकून लोक चकित झाले होते.

मामा : म्हणजे स्वातंत्र्यही त्याच कागदावर आणि बेडीही त्याच कागदावर.

मी : हो. आणि बेडीवर सही खेळाडूंचीच. पण मालकांनी पुढे काय केलं तेही ऐक. २०११ मध्ये त्यांनी टाळेबंदी केली, १२ मार्चपासून जुलैच्या अखेरीपर्यंत. त्याआधी टीव्ही कंपन्यांशी करार करताना त्यांनी सोय करून ठेवली होती की सामने झाले नाहीत तरी चार अब्ज डॉलरच्या आसपास पैसे येत राहतील. न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी त्यावर बोट ठेवलं: हे करताना तुम्ही खेळाडूंच्या हिताचा विश्वासघात केलात.

मामा : टाळेबंदीचा पगार मालकांनी आधीच काढून ठेवला होता, असं म्हण ना सरळ.

मी : असंच.

मामा : हे मात्र नीच काम आहे.

मामाच्या तोंडून हा शब्द सहज निघत नाही. पण मालकांची सगळीच बाजू त्याने सोडली असं नाही. जेरी जोन्सने पार्सन्सला थेट बोलावून, एजंटाला बाजूला ठेवून बोलणी केली, हे त्याला योग्यच वाटलं. समोरासमोर बसलं की अर्धी भांडणं मिटतात, असं त्याचं म्हणणं.

मी : एका बाजूला पंचवीस वर्षांचा मुलगा. दुसऱ्या बाजूला १९८९ पासून संघ चालवणारा माणूस, ज्याच्या संघाची किंमत आज दहा अब्जांवर आहे. त्या बैठकीत व्यवहार ठरला असं जोन्स म्हणतात, पार्सन्स म्हणतो ठरला नाही. मी रोज करार वाचते, मामा. असा ‘ठरलेला’ व्यवहार पुढे नेहमी दुबळ्या बाजूच्याच अंगावर येतो.

मामा : क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने तर एजंट न ठेवताच २०२३ मध्ये सव्वीस कोटी मिळवले, तूच सांगितलंस.

मी : मिळवले. पण त्याला हवी होती पूर्ण हमी, ती नाही मिळाली. आदल्या वर्षी क्लीव्हलँडने डेशॉन वॉट्सनला तेवीस कोटी दिले होते, सगळेच्या सगळे हमीचे. त्यानंतर असं पुन्हा होऊ नये म्हणून बाकीचे मालक सावध झाले. युनियनने तक्रार केली. लवादाने जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला: हमी कमी करा असं लीगने मार्च २०२२ च्या बैठकीत मालकांना सुचवलं होतं, पण मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केलं हे पुरेसं सिद्ध होत नाही. आणि हा निकाल जूनपर्यंत बाहेरच आला नाही. लीगने दाबला, आणि खुद्द युनियननेही खेळाडूंना दाखवला नाही.

मामा : युनियनने?

मी : हो. मला सगळ्यात जास्त संताप त्याचा आहे.

२८ ऑगस्टला डॅलसने पार्सन्सला पॅकर्सकडे देऊन टाकलं. बदल्यात ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि बचावपटू केनी क्लार्क. पॅकर्सने त्याला चार वर्षांचे अठरा कोटी ऐंशी लाख दिले, त्यात तेरा कोटी साठ लाख हमीचे. शहर हळहळलं. मामाने मात्र फक्त हमीचा आकडा विचारला. एकूण रकमेकडे त्याने लक्षही दिलं नाही.

पुढचा प्रश्न त्यानेच काढला. सध्याचा सामूहिक करार मार्च २०३१ पर्यंत आहे. तो २०२० मध्ये १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला, म्हणजे साठ मतांनी. त्यात हंगाम सोळावरून सतरा सामन्यांचा झाला आणि किमान पगार वाढला. आता मालकांना अठरावा सामना हवा आहे आणि लीगचे आयुक्त रॉजर गुडेल ते उघड बोलतात.

मामा : अठराव्याच्या बदल्यात काय मागशील?

मी : टॅग रद्द. एकदाही लावता येणार नाही असा.

मामा : मी हमी मागेन. तू म्हणालीस ना, हमीच्या पैशातला मोठा भाग मालकाने आधीच बाजूला काढून ठेवावा असा जुना नियम आहे आणि त्याच्या आडून ते नाही म्हणतात? तो नियम आधी काढा. एवढे पैसे हातात असलेल्यांना त्याची गरज काय?

मी : दोन्ही मागू.

मामा : दोन्ही मिळायला हातात काय आहे तुमच्या? कोर्टाचा रस्ता एकदा चालला, तो आता त्यांना पाठ झालाय. त्या होकार देणाऱ्या एक हजार एकोणीस जणांना आधी विचारा, पगार न घेता किती महिने काढू शकाल. किमान पगारावरचा पोरगा किती काढेल ते नीट लिहून घ्या. बारा म्हणाले तर बोलायला बसा.

मी : आणि चारच म्हणाले तर?

मामा : तर अठरावा सामना देऊ नका, आणि आजपासून दर पगारातून पैसे बाजूला काढा. २०३१ ला अजून वेळ आहे.